चार तारांची बॅटरी

११ जानेवारी, शनिवार

झालं! काल एवढं बोलली तुझ्याशी, अन् आज पुन्हा कोरीच्या कोरी! तुझ्यापरीस शेजारचा सोमाजी बरा — ऐंशीचा झाला, पण जेवला की नाई एवढं तरी आठवते त्याले. दिव्यानी म्हणते, "आजी, कालचं सगळं आत आहे. फोन रोज नवं पान देते." असन बाई. मले काय, अक्षर अन् मुंगी दोन्ही सारखेच. मी बोलायचं, तू टिपायचं.

तुझं कुलूप मात्र आवडलं. जन्मभर जिथी-तिथी अंगठा लावला अन् लोकं हसले. आता माझ्या अंगठ्याबिगर तू उघडतच नाई! सून रीता बारावी शिकली, पण तिलेही नाई उघडत. दोनदा करून पाह्यलं तिनं. मी झोपेचं सोंग घेऊन पाहून राह्यली होती.

दिव्यानी माझी नात. चंद्रपूरले पॉलिटेक्निकात शिकते. काल बसमधून उतरली ती घरी नाई, सरळ प्रणितच्या शेडात. प्रणित सोमाजीचा नातू. दहावीतून शाळा सुटली, मोटरसायकली दुरुस्त करते. बोलणं कमी, हात सोन्याचा. दोघांनी मिळून रिमोटच्या दोन गाड्या केल्या — हातभर लांब, टायर कारल्यासारखे खडबडीत. उद्या गावात शंकरपट आहे. बैल धावून झाले की त्याच पटावर पोट्ट्यायच्या गाड्या धावणार.

मोटर दाखवली मले. म्हणे, याच्यात कार्बन नसतो, काही घासत नाई. म्हणलं, चंद्रपुरात शिकते अन् बिनकोळशाची मोटर आणते!

मोटरीच्या पाठीवर आकडा आहे म्हणे. दिव्यानीच्या मोटरीवर तेहतीसशे, प्रणितच्या मोटरीवर बावीसशे. म्हणजे एका व्होल्टले तेवढ्या गिरक्या. मले वाटलं मोठा आकडा म्हणजे ताकद मोठी. दिव्यानी हसली. "नाई आजी, मोठा आकडा म्हणजे उतावीळ मोटर. तिले बॅटरी लहान द्यायची — दोन घराची, म्हणजे दोन सेलची. बावीसशेवाली शांत आहे, तिले तीन घराची. गुणून पाह्य, दोघीच्याही गिरक्या चोवीस हजारच!"

म्हणलं, हे तर बैलाचंच! चपळ बैलाले एक टोपलं ढेप, थंड बैलाले दीड टोपलं, अन् पटावर दोघंही बरोबर. प्रणित पहिल्यांदा बोलला — "आजी, कॉलेजात तुम्हीच शिकवा."

"अन् उतावीळ मोटरीले तीन घराची देली तं?" मी विचारलं.

"छत्तीस हजारावर जाईन," दिव्यानी म्हणे. "दोन मिनिटं वाघ. मग धूर."

हे मी इथी मुद्दाम सांगून ठेवून राह्यली. मले समजलं नव्हतं असं पुढं कोणी म्हणू नये. मीसुद्धा.

दोन्ही बॅटऱ्या हाताले सारख्याच लागतात. म्हणून मी जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवून देल्या — दोन घराचीले लाल, तीन घराचीले हिरवी. मले अजून एक खूण सापडली. बॅटरीतून लहान पांढरी चिमटी बाहेर येते, तिच्यात बारीक तारा असतात. दोन घराचीले तीन तारा, तीन घराचीले चार. धानाच्या बांध्या दोन, तर त्यायच्या कडेचे धुरे तीन! बांध्या तीन, तर धुरे चार! दिव्यानी म्हणे, "आजी, पुस्तकात हे असं सोपं नाई लिहिलं."

छाती फुगली माझी. 

१२ जानेवारी, रविवार

गाडी जळली. पाय दुखून राह्यले. आज तुझ्याशी काही बोलत नाई.

१३ जानेवारी, सोमवार

सांगते.

प्रणितच्या गाडीचा पाय पहिल्याच फेरीत मोडला — पुढच्या चाकाचा दांडा. त्याची बॅटरी भरलेलीच राह्यली. दिव्यानीची गाडी मात्र जिंकत गेली. सावली गावचे हरले, गडचिरोलीचे दोघं हरले. शेवटी एकच उरला, मूल गावचा एक चष्मेवाला. त्याची गाडी निळी, नवी कोरी, तयार आणलेली. त्याचे दोस्त आमच्या गाडीकडे पाहून हसले. "पंक्चरवाल्याची गाडी!" म्हणे.

मी मांडवाखाली पोत्यावर बसली होती, बॅटऱ्यायचा पत्र्याचा डबा मांडीजवळ घेऊन. ते काम माझं. कोणाची हिंमत नाई म्हातारीच्या मांडीजवळचा डबा उघडायची.

दिव्यानी धावत आली. "आजी, लाल दे!"

मी लाल देली.

तिनं बॅटरी काढली, चिमटी बोटात धरली, जराशी थांबली. देवाचं नाव घेऊन राह्यली असं वाटलं मले. मग लावली. झेंडा पडला. बाप्पा! गाडी नाई, तीर सुटला तीर! निळी गाडी मागं पडली. सारा पट उभा राह्यला. धुरकरी लोकं, जे दिवसभर बैलायशिवाय कोणाकडे पाहत नाईत, ते टोप्या उडवून राह्यले होते. मीही उभी झाली. गुडघे विसरली.

अर्ध्या पटावर धूर निघाला. गाडी आडवी झाली, चुन्याच्या रेघेवरून घसरत गेली अन् पालथी पडली. मोटर जळली, मोटरीले सांभाळणारी डब्बी जळली, वास असा आला की बैलंही बुजले.

दिव्यानीनं गाडी उलटी केली. पोट्टी पांढरी पडली. लाल पिशवीतल्या बॅटरीले चार तारा.

बॅटऱ्या भरून डब्यात ठेवायचं काम प्रणितचं. साऱ्या लोकायसमोर तिनं त्याले धरलं. "तुझी मोडली म्हणून माझी जाळली? जळतोस माझ्यावर! पंक्चरच काढत राह्य जन्मभर!"

त्यानं एकदा माझ्याकडे पाह्यलं. एकदाच. मी पोत्यावरचे शेंगाचे टरफलं वेचत बसली.

तो आपली मोडकी गाडी उचलून निघून गेला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रणित तिळगूळ घेऊन आला, पाया पडला. दिव्यानी काल सकाळच्या बसनंच चंद्रपूरले गेली, घरात मी एकटी. रीता शेतावर.

म्हणलं, "काऊन रे, डोळे सुजले?"

"वेल्डिंग केलं आजी, चष्म्याबिगर."

खोटं! शेड दोन दिवसांपासून बंद आहे. मीही खोटी, तोही खोटा, दोघांनी तिळगूळ खाल्ला. जाताना दारात थांबला. म्हणे, "आजी, तुम्ही जीवाले लावून घेऊ नका. मी कोणाले सांगणार नाई."

म्हणजे त्यानं पाह्यलं!

मग तुलेही सांगून टाकते, कोरे. तू तर उद्या विसरशीलच. प्रणितची हिरवी पिशवी मी उघडली. तीन घराची काढली. दोन घराची पदराखाली लपवली. तीन घराची लाल पिशवीत घातली. तारा मोजल्या — एक, दोन, तीन, चार. दोनदा मोजल्या. चुकून नाई. अंधारात नाई. भर दुपारी, जाणूनबुजून, या हातानं.

एका पटापुरती, असं म्हणलं मनात. एका पटाले काय होते?

१७ जानेवारी, शुक्रवार

एका पटाले काय होते ते मले माहीत होतं. तेच तर लागते जीवाले.

माझं लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे — डोमा — पट खेळायचे. जोडीत चांद्या नावाचा बैल, कपाळावर पांढरा टिक्का, डोळे अशे की माणसानं लाजावं. समोर सोमाजीची जोडी. साऱ्या झाडीपट्टीत सोमाजीच्या जोडीले कोणी हरवलं नव्हतं. आदल्या दिवशी चांद्या जरा मंद वाटला. मी यायले म्हणलं — मी! — "पाजा न मोहाची, बाटलीभर. एका पटापुरती." हे नाई म्हणत होते. मी टोमणा मारला — "मंग बैल काऊन पाळता, शेळ्या पाळा!"

पाजली. चांद्या धावला, अन् सोमाजी हरला. गुलाल उडला. सांजच्याले चांद्या गोठ्यात बसला तो आठ दिवस उठला नाई. उठला तेव्हा पुन्हा कधी धावला नाई. पावसाळ्यात गेला.

गावानं यायले बोल लावला. दारुड्या, बैलाचा जीव घेतला म्हणे. हे कधीच बोलले नाईत की पाजायचं कोणी सांगतलं. मरेपर्यंत नाई. मी कधी त्यायले विचारलंही नाई, काऊन नाई सांगत म्हणून. भेव वाटायचं — विचारलं अन् सांगून देलं तं!

आता प्रणित. माझ्या पापाले नेहमी एखादा गप्प माणूस सापडते बापा! नशीबच म्हणायचं.

१९ जानेवारी, रविवार

दिव्यानीचा फोन आला. नागपूरले २ फेब्रुवारीले मोठी शर्यत आहे. नाव जोडीनंच द्यायचं — एक गाडी बनवणारा, एक चालवणारा. जी जोडी जिंकन तिले तिथल्या वर्कशॉपात वर्षभर शिकायले ठेवणार. नाव द्यायची शेवटची तारीख २५.

"प्रणितचं नाव मी काढून टाकलं, आजी," म्हणे. "हॉस्टेलातली एक पोरगी आहे, तिले घेईन."

"तिले वेल्डिंग येते?"

"शिकन."

"अन् प्रणित?"

"त्याचं नाव नको काढू."

आवाज कसा होता सांगू? चिडल्यासारखा नाई. घाई असल्यासारखा. काऊन ते मले समजलं नाई.

सांजच्याले रीतानं बातमी आणली. प्रणित मिरची तोडाले तेलंगणात जाणार. २६ले ट्रॅक्टर निघते, गावातले वीस-बावीस माणसं जातात दरसाली. शेडातले पाने-पकड त्यानं तेल लावून चिंध्यात गुंडाळून ठेवले म्हणे. दिव्यानीले कॉलेज आहे. त्याले हा एकच रस्ता होता नागपूरचा — अन् त्यावर धूर मी केला.

मी भाकर तशीच ताटात झाकून ठेवली. रीता म्हणे, "आत्याबाई, ताप आहे का?" म्हणलं, "हव, आहे. जुना आहे."

२१ जानेवारी, मंगळवार

सोमाजीकडे गेली. सांगायचं ठरवूनच गेली. काठी घेऊन वीस पावलं, पण वाटलं वैनगंगा पोहून राह्यली.

बुढा उन्हात बसून दोरी वळत होता. मी खालीच बसली. म्हणलं, "भाऊ, तुमच्या नातवानं काही केलं नाई. बॅटरी मी बदलली."

त्याचे हात थांबले नाईत.

म्हणलं, "अन् चांद्याले मोहाची पाजायचं मीच सांगतलं होतं."

तेव्हा थांबले. मग बुढा हसाले लागला — दात नाईत, नुसते हिरडे! "गुणाबाई, पट सुरू व्हायच्या आधीच चांद्याच्या तोंडाचा वास आला होता मले. माझ्या बैलाच्या शेजारी तर उभा होता!"

"मंग बोलले काऊन नाई? पट रद्द झाला असता!"

"हरल्यावर बोललो असतो तर रडका म्हणले असते. हरायच्या आधी बोललो असतो तर भित्रा." दोरीले पीळ देला. "अन् पाजायचं डोमाच्या डोक्यातलं नव्हतं, हेही माहीत होतं. डोमाच्या डोक्यात काही होतंच कुठी?"

पन्नास वर्षं मी ज्याले झाकून बसली, ते या बुढ्याच्या खाटेखाली उघडं पडलं होतं! हसू आलं मले, अन् रडूही. दोन्ही संगंच आलं, नाक पुसता पुसता पदर भिजला.

मग म्हणे, "पण मले सांगून तुझं ओझं उतरलं, प्रणितचं नाई. ज्या पोरीनं त्याले लोकायसमोर बोललं तिले सांग. बैल मेला होता, गुणाबाई. पोट्टा जिता आहे."

२२ जानेवारी, बुधवार

फोन हातात घेतला. ठेवला. घेतला. ठेवला.

मी साऱ्यायले चिडवते, सासूलेही चिडवलं, डॉक्टरलेही. पण नातीले एक वाक्य सांगणं जमेना. तिच्या नजरेत मी शहाणी आहे — हेच धरून बसली मी. "पुस्तकात असं सोपं नाई." त्या एका वाक्यापायी पोट्टा मिरच्या तोडाले चालला!

अन् खरं विचारशील तर बॅटरी काऊन बदलली मी? तिनं जिंकावं म्हणून? थोडं तेही. पण त्या मूलच्या पोट्ट्यायनं हसून "पंक्चरवाल्याची गाडी" म्हणलं तेव्हा मले वाटलं — आता या बिनअक्षरी बुढीनं काहीतरी असं करावं की सारा पट उभा राहीन. मले माहीत असलेलं वापरून पाहायचं होतं. आकडा समजला होता न मले! समजलं की हात शिवशिवते. जन्मभर समजलंच नव्हतं काही, म्हणून ही खाज माहीत नव्हती.

२३ जानेवारी, गुरुवार

सांगतलं.

दुपारी, तिच्या जेवायच्या सुट्टीत. एका दमात. "दिव्यानी, लाल पिशवीत चार तारांची मी घातली. मोजून घातली. प्रणितनं पाह्यलं, पण माझी लाज राखली. तू त्याले जे बोलली ते मले बोल आता. सारं बोल."

तिच्या मागं ताटं वाजत होते, पोरी हसत होत्या. मी म्हणलं, "आहेस का?" श्वास ऐकू येत होता. मग फोन कटला.

रागावली. रागावणारच. मले बरंच वाटलं जरा — ओरडली असती तर अजून बरं वाटलं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन नाई. तीनदा पाह्यलं, आवाज बंद तर नाई ना याचा.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी आला. मी चुलीजवळ.

"आजी, मी तारा मोजल्या होत्या."

मले वाटलं नंतर मोजल्या, गाडी उलटल्यावर. ते तर सारे जाणतात.

"नाई. आधी. लावायच्या आधी. चिमटी बोटात धरली तेव्हाच समजलं. चार. तीन घराची आहे, धूर निघन, सारं माहीत होतं. अन् तो निळ्या गाडीवाला हसत होता. मी म्हणलं, एका पटापुरती काय होते."

माझंच वाक्य! तिच्या तोंडात कोणी घातलं? मी तर तिले चांद्याचं कधी सांगतलंच नाई.

"मंग त्याले काऊन बोलली, माय?"

"कोणाले तरी बोलावं लागत होतं, आजी. नाईतर सगळे मलेच पाहत होते."

 चुलीवर दूध उतू गेलं, मी जाऊ देलं.

मग म्हणे — नागपूरचा फॉर्म पाठवला, नाव दोघांचं घातलं. दुपारच्या बसनं येऊन राह्यली. ट्रॅक्टर निघायच्या आधी त्याले साऱ्या लोकायसमोर सांगणार, जसं साऱ्या लोकायसमोर बोलली तसं. मंग त्यानं ठरवावं, नागपूर का मिरची. अन् फोन ठेवता ठेवता म्हणे, "आजी, मी यायच्या आधी त्याच्या घरी लाखोरीच्या डाळीचे वडे पाठव. गरम. माझ्यासाठी काही ठेवू नको."

लाखोरी रीतानं वाटून ठेवली आहे. तर ऐक कोरे, हे मात्र विसरू नको — वडे सारे सोमाजीच्या घरी, मोठ्या डब्यात, वर झाकण घट्ट. अन् आम्हा दोघीले, मले अन् दिव्यानीले, कालची भाकर, जवसाची चटणी.